लॉग तपासायच्या क्वेरी टीममध्ये कशा जपता, कशा वाटता?

पहाटपाळी (धागालेखक)

नमस्कार मंडळी. मनात बरेच दिवस घोळत असलेला विषय आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमची टीम सहा जणांची, चार पुण्यात आणि दोन नागपुरात. शाळांची फी ऑनलाइन भरायचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. सर्व्हर एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनच्या क्लाउडवर) आहेत, त्यांच्यापुढे ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर, म्हणजे आलेल्या विनंत्या सर्व्हरमध्ये वाटून देणारा. त्याचे ॲक्सेस लॉग, म्हणजे प्रत्येक विनंतीची नोंद, दर पाच मिनिटांनी एस३ या फाइल साठवणीत येऊन पडतात आणि ते आम्ही अथेना या साधनातून एसक्यूएल क्वेरी (डेटाला विचारलेला प्रश्न) लिहून वाचतो.

जूनमध्ये एका मोठ्या शाळेची फी भरायची शेवटची तारीख होती, १५. रात्री साडेअकरापासून पालकांची झुंबड. १२:२० ला सपोर्टकडे फोन सुरू झाले की पैसे भरताना पान फिरतच राहतं आणि मग ५०४ ही एरर दिसते. ऑनकॉलवर, म्हणजे अडचण आली तर धावून जायच्या पाळीवर, आमच्याकडे चार महिन्यांपूर्वी आलेली मुलगी होती. हुशार आहे, घाबरली नाही. अथेना उघडलं, तिथे जतन केलेली 'पाचशेवाल्या एरर' (५०० ते ५९९ कोडच्या, म्हणजे सर्व्हरकडच्या एरर) नावाची क्वेरी घेतली, तारीख १६ घातली, चालवली. शून्य ओळी. परत चालवली. शून्य. तिने ग्रुपवर लिहिलं, 'आपल्याकडे एरर नाहीत, पेमेंट गेटवेकडे विचारा.' पुढची चाळीस मिनिटं आम्ही गेटवेच्या मागे लागलो. दोष आमच्याच सर्व्हरचा होता.

सकाळी शांतपणे बसून बघितलं, तर क्वेरीत चूक एक नव्हती, दोन होत्या.

पहिली तारखेची. हे लॉग एस३ मध्ये वर्ष, महिना, दिवस अशा फोल्डरमध्ये पडतात आणि तो दिवस यूटीसीचा, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेचा, असतो. आपल्याकडे १६ तारखेचे रात्रीचे १२:२० म्हणजे यूटीसीमध्ये १५ तारखेची संध्याकाळ, ६:५०. १६ चं पार्टिशन, म्हणजे त्या दिवसाचं फोल्डर, तेव्हा जन्मालाही आलेलं नव्हतं.

दुसरी जास्त खोल. ती क्वेरी टार्गेटच्या स्टेटस कोडवर गाळत होती, म्हणजे आमच्या ॲप्लिकेशनने स्वतः परत दिलेला कोड. पण ५०४ लोड बॅलन्सर स्वतः देतो, कारण मागच्या सर्व्हरने वेळेत उत्तरच दिलेलं नसतं. अशा ओळीत टार्गेटच्या कोडच्या जागी नुसती आडवी रेघ असते. म्हणजे तारीख बरोबर घातली असती तरी उत्तर जवळपास शून्यच आलं असतं.

ज्याने ती क्वेरी लिहिली तो सहकारी दुसरीकडे गेला. त्याला फोन केला तर म्हणाला, 'अरे, ती मी ॲपमधला एक बग शोधायला लिहिली होती. लोड बॅलन्सरच्या एररसाठी वेगळी होती, पण ती सेव्ह केली नव्हती. हिस्टरीत बघ.' अथेनाची हिस्टरी ४५ दिवसांपुरतीच राहते. ४५ दिवस केव्हाच उलटले होते.

त्या मुलीने नंतर माझी माफी मागितली, ते माझ्या फार जिव्हारी लागलं. माफी आम्ही तिची मागायला हवी होती. आम्ही तिच्या हातात एक क्वेरी दिली, पण ती कुठल्या प्रश्नाचं उत्तर देते हे कुठेच लिहून ठेवलं नव्हतं.

तर विचारायचं हे, की तुमच्याकडे अशा क्वेरी कुठे ठेवता? नाव काय देता? चुकीची झालेली क्वेरी कोण काढून टाकतं? खरे अनुभव हवेत.

---

सह्याद्रीवारा

आमच्याकडे काय काय होतं ते आधी सांगतो: एक एक्सेल, एक विकीचं पान, एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि प्रत्येकाच्या लॅपटॉपवर 'क्वेरी फायनल २' अशा नावाच्या फाइल. वर्डमध्ये किंवा मेलमध्ये चिकटवलेली क्वेरी परत घेतली की सरळ अवतरणचिन्हं वाकडी झालेली असतात आणि सिंटॅक्स एरर येते. रात्री दोन वाजता ते डोळ्याला दिसत नाही.

आता सगळं गिटमध्ये, म्हणजे फाइलमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात, आहे. एका क्वेरीची एक फाइल. बदल करायचा तर पुल रिक्वेस्ट, दुसऱ्या कुणीतरी वाचल्याशिवाय आत जात नाही. दीड वर्ष झालं, परत मागे जायची इच्छा नाही.

---

ठाणेकर_डीबीए

पहाटपाळी, अनुभव प्रामाणिकपणे मांडलात, आवडलं. मी गेली बावीस वर्षं डेटाबेसचं काम करतो, ओरॅकलपासून सुरुवात केली, आता बहुतेक पोस्टग्रेस. माझं मत थोडं वेगळं आहे.

क्वेरी वाटण्याआधी व्ह्यू वाटा, म्हणजे कच्च्या टेबलवर बसवलेलं, टेबलसारखंच वापरता येणारं साफ केलेलं रूप.

तुमच्या दोन्ही चुका खरं म्हणजे कच्च्या टेबलवर थेट क्वेरी लिहिल्यामुळे झाल्या. त्या लॉगमध्ये आणखी एक खड्डा आहे, तुम्ही त्यात पडला असाल पण कळलं नसेल. लोड बॅलन्सरला विनंती मागच्या सर्व्हरकडे पोचवताच आली नाही, किंवा सर्व्हरने मध्येच कनेक्शन तोडलं, की वेळेच्या कॉलममध्ये उणे १ लिहिलं जातं. आता कुणी भाबडेपणाने त्या कॉलमची सरासरी काढली तर? सर्व्हर जितके जास्त कोसळतील तितके उणे १ वाढतील आणि सरासरी प्रतिसादवेळ तितकी *सुधारलेली* दिसेल. आलेख बघून साहेब खूष आणि बाहेर ग्राहक अडकलेले.

म्हणून एकदाच एक व्ह्यू बनवा. त्यात उणे १ चं नल (म्हणजे रिकामं) करा, नलइफ फंक्शनने एका ओळीत होतं. सरासरी आणि पर्सेंटाइल (अमुक टक्के विनंत्या ज्या वेळेच्या आत उरकतात ती वेळ) दोन्ही नल वगळतात. भारतीय वेळेचा कॉलम द्या. लोड बॅलन्सरचा कोड आणि ॲपचा कोड अशी दोन कॉलमना न चुकणारी नावं द्या. यूआरएलमधले विद्यार्थी क्रमांक वगैरे काढून तिथे एक खूण ठेवा, नाहीतर ग्रुप बाय केल्यावर (सारख्या ओळींचे गट केल्यावर) हजार वेगवेगळे पत्ते दिसतील. मग नवीन माणूस त्या व्ह्यूवर हवी ती क्वेरी लिहू दे, या खड्ड्यांत तरी तो पडणार नाही. शहाणपण प्रत्येक क्वेरीत परत परत लिहायचं नसतं, ते एका जागी ठेवायचं असतं.

---

नवशिका_२३

काका, एक शंका. आम्ही असंच केलं होतं, व्ह्यूमध्ये भारतीय तारखेचा कॉलम दिला आणि सगळे त्यावर गाळायला लागले. क्वेरी बरोबर चालायच्या पण अथेनाचं बिल चढलं. का ते आम्हाला बरेच दिवस कळलं नाही.

---

ठाणेकर_डीबीए

बरोबर पकडलंत, हे मी लिहायला हवं होतं. भारतीय तारीख ही हिशेबाने काढलेली गोष्ट आहे, पार्टिशनचा कॉलम नाही. त्यावर गाळलं तर इंजिनाला कुठले फोल्डर वगळायचे ते कळत नाही, मग ते सगळेच वाचतं. अथेना वाचलेल्या डेटावर पैसे लावतं, बहुतेक रिजनमध्ये एका टीबीला ५ डॉलर. आणि शेवटी लिमिट १० (दहाच ओळी दाखव) लावून वाचन कमी होईल अशी आशा धरू नका, ऑर्डर बाय (क्रम लावणं) असेल तर आधी सगळं वाचावंच लागतं.

उपाय: पार्टिशनचा यूटीसी दिवस व्ह्यूमध्ये वेगळा कॉलम म्हणून उघडा ठेवा, नाव 'यूटीसी दिवस' असंच द्या. क्वेरीत दोन अटी हव्यात. त्या यूटीसी दिवसावर आदला आणि तो असे दोन दिवस, आणि मग भारतीय वेळेवर नेमकी खिडकी. पहिली अट खर्चासाठी, दुसरी अचूकतेसाठी. याशिवाय वर्कग्रुपमध्ये (अथेनातल्या टीमपुरत्या विभागात) एका क्वेरीने जास्तीत जास्त किती डेटा वाचावा ही मर्यादा घालता येते. ती घालाच. मर्यादा ओलांडली की क्वेरी रद्द होते.

---

डब्लिनकर

वेळेबद्दल माझ्याकडूनही थोडं. मी आयर्लंडमध्ये आहे, अर्धी टीम पुण्यात. आपला फरक साडेपाच तासांचा आहे, पूर्ण तासांचा नाही, हे इथल्या लोकांच्या लक्षातच येत नाही. यूटीसीने तासातासाचे गट केले, तर २० ते २१ हा गट पुण्यात १:३० ते २:३० होतो. 'रात्री दोननंतर एरर वाढल्या' हे त्या आलेखावर दिसणारच नाही, दोनच्या अलीकडचं आणि पलीकडचं एकाच खांबात मिसळतं. तासाला गोल करण्याआधी वेळ एशिया-कोलकाता या झोनमध्ये न्या, नंतर गोल करा. उलट क्रमाने केलं तर आकडे येतात, पण चुकीचे.

आणि 'एशिया-कोलकाता' असं नाव द्या, पाच तास तीस मिनिटं हाताने मिळवू नका. भारतात घड्याळ बदलत नाही म्हणून तुमचं निभावतं. तीच क्वेरी मी डब्लिनसाठी उचलली तर वर्षातले काही महिने एक तासाने चुकते.

आम्ही अझूर (मायक्रोसॉफ्टचा क्लाउड) वापरतो. तिथे क्वेरीसाठी कुस्टोची भाषा आहे, नाव समुद्रसंशोधक झाक कूस्तो यांच्यावरून. तिच्यात 'गेल्या एका तासात' असं सरळ लिहिता येतं. त्याची सवय लागली आणि तिचा तोटा नंतर कळला. इन्सिडेंट (बिघाड) चालू असताना 'गेला एक तास' उत्तम. पण तीच क्वेरी रिपोर्टमध्ये जोडली आणि तीन दिवसांनी कुणी उघडली तर भलतंच चित्र दिसतं. आता नियम केलाय: ऑनकॉलच्या क्वेरीत सापेक्ष वेळ, अहवालातल्या क्वेरीत पक्की वेळ. दोन्ही वेगळ्या फोल्डरमध्ये.

---

सह्याद्रीवारा

कुस्टोवरून आठवलं. आमच्या विकीवर 'केक्यूएल क्वेरी' असं पान होतं. त्यात निम्म्या कुस्टोच्या आणि निम्म्या किबाना या लॉग बघायच्या दुसऱ्या साधनाच्या. दोघांचंही लघुरूप तेच! नवीन मुलं एकीकडची दुसरीकडे चिकटवायची. नावात भाषा नको, कुठल्या यंत्रणेत चालवायची ते हवं.

---

सपोर्टवाली

मी डेव्हलपर नाही, छत्रपती संभाजीनगरला एका कंपनीत सपोर्टला आहे. ग्राहकाचा फोन पहिल्यांदा आमच्याकडे येतो. एसक्यूएल लिहिता येत नाही, पण दिलेली क्वेरी चालवून उत्तर वाचता येतं. म्हणून सांगावंसं वाटतं.

तुम्ही गिट म्हणता, पण आम्हाला तिथे प्रवेश नाही, आणि दिला तरी फोन कानाला असताना फाइल शोधून कॉपी करून चिकटवणं जमत नाही. आम्हाला बटण हवं, आणि एक रिकामी चौकट ज्यात फक्त तारीख किंवा पावती क्रमांक भरायचा. क्वेरीच्या आत जाऊन अवतरणचिन्हांमधला आकडा बदला असं सांगितलं की हात थरथरतो. काही मोडलं तर?

आणि नावं. 'एएलबी ५एक्सएक्स बाय टार्गेट' हे नाव मला काही सांगत नाही. 'पालकांना पान उघडत नाहीये का, हे बघा' असं नाव असेल तर मी ती बरोबर उचलेन.

---

पहाटपाळी

सपोर्टवाली, तुमचा प्रतिसाद मी टीमला वाचून दाखवला. आमच्या त्या रात्रीच्या क्वेरीचं नाव 'पाचशेवाल्या एरर' होतं. नाव ऐकून काय शोधलं जातंय हे सगळ्यांना कळलं असं *वाटलं*, तेच नडलं.

सह्याद्रीवारा, गिट आणि बटण हे दोन्ही कसं जमवायचं?

---

सह्याद्रीवारा

जमतं, आणि अथेनावर तर सोपं आहे. गिट हे मूळ ठेवा, कन्सोल (ब्राउझरमधलं अथेनाचं पान) ही त्याची प्रत. टेराफॉर्ममध्ये (क्लाउडची मांडणी फाइलमध्ये लिहायच्या साधनात) अथेनाच्या जतन केलेल्या क्वेरीसाठी वेगळा रिसोर्स आहे, क्लाउडफॉर्मेशन या तशाच साधनातही आहे. पुल रिक्वेस्ट मंजूर झाली की पाइपलाइन (आपोआप चालणारी प्रक्रिया) ती क्वेरी वर्कग्रुपमध्ये टाकते. वर्कग्रुपला प्रवेश असलेल्या सगळ्यांना ती जतन केलेल्या क्वेरींमध्ये दिसते. कन्सोलमध्ये कुणी हाताने बदल केला तर पुढच्या वेळी मूळ प्रत त्यावर लिहिली जाते. आम्ही हे सगळ्यांना आधी सांगितलं, नाहीतर कुणाची मेहनत वाहून जाते.

रिकाम्या चौकटीसाठी: जिथे तारीख किंवा क्रमांक यायचा तिथे प्रश्नचिन्ह ठेवा. चालवताना अथेना त्या जागी काय भरायचं ते विचारतं. मात्र चौकटीला नाव देता येत नाही, क्रमानेच भराव्या लागतात, त्यामुळे दोनपेक्षा जास्त ठेवू नका. सपोर्टसाठी रीडॅश किंवा मेटाबेससारखं क्वेरी चालवायचं साधन पुढे ठेवलं तर चौकटींना नावं देता येतात आणि तारखेसाठी कॅलेंडरही येतं.

---

ठाणेकर_डीबीए

वाटण्याच्या उत्साहात एक गोष्ट मागे पडू नये, म्हणून कळकळीने सांगतो.

जतन केलेल्या क्वेरीत खऱ्या माणसाचा मोबाइल नंबर किंवा ईमेल ठेवू नका. 'या ग्राहकाचं काय झालं' हे शोधताना आपण नंबर थेट अटीत लिहितो आणि तसंच सेव्ह करतो. मग ती क्वेरी गिटच्या इतिहासात कायमची बसते. पुढच्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) खोडली तरी मागच्या कमिटमध्ये असतेच. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यावर तर हे हलक्यात घेण्यासारखं उरलेलंच नाही.

दुसरं, अथेनाच्या क्वेरीचा निकाल सहसा सीएसव्ही फाइल होऊन एस३ मधल्या ठरलेल्या जागी पडतो. लोक मूळ लॉगची बकेट (एस३ मधली साठवणीची जागा) घट्ट बांधतात आणि निकालाची बकेट उघडी विसरतात. ज्याला लॉग बघायची परवानगी नाही तो निकाल वाचू शकतो. त्या बकेटला परवानग्या तितक्याच कडक हव्यात, आणि ठराविक दिवसांनी फाइल आपोआप पुसल्या जातील असा नियम हवा.

पण पुसायचे ते निकाल, मूळ लॉग नव्हेत. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. एका ठिकाणी उत्साही तरुणाने खर्च वाचवायला दोन्हीकडे ३० दिवसांचा नियम लावलेला मी स्वतः पाहिलाय.

---

नवशिका_२३

आमच्याकडे दोनशेच्या वर क्वेरी साठल्यात. कुठल्या चालू आहेत, कुठल्या मेल्या, काही पत्ता नाही. सगळ्या साफ करायला बसायचं का?

---

डब्लिनकर

बसू नका, संपणार नाही. आम्ही उलटं केलं. नवीन रिकामं फोल्डर उघडलं आणि इन्सिडेंटमध्ये जी क्वेरी खरोखर वापरली गेली तेवढीच, नीट करून, त्यात आणली. तीन महिन्यांत एकोणीस झाल्या. जुनं फोल्डर फक्त वाचण्यापुरतं ठेवलं. सहा महिन्यांनी काढून टाकलं, कुणी विचारलंही नाही.

प्रत्येक फाइलला एक मालक आहे. तो कंपनी सोडताना लॅपटॉप परत करतो तशाच त्याच्या क्वेरी दुसऱ्याच्या नावावर करतो. निरोपाच्या यादीत ती ओळच घातली आहे.

---

पहाटपाळी

सहा आठवड्यांनी परत आलोय.

व्ह्यू बनवला, ठाणेकरांनी सांगितला तसाच, यूटीसी दिवस उघडा ठेवून. उणे १ काढल्यावर जूनमधल्या त्या रात्रीचा आलेख परत काढला. जुन्या सरासरीत ती रात्र शांत दिसत होती. नव्या पंच्याण्णवाव्या पर्सेंटाइलमध्ये १२:०५ पासूनच चढ दिसतो, म्हणजे पहिल्या फोनच्या पंधरा मिनिटं आधी. ते बघून आम्ही काही वेळ कुणीच काही बोललो नाही.

आत्तापर्यंत अकरा क्वेरी गिटमध्ये गेल्या. पहिली लिहायचा मान आम्ही त्याच मुलीला दिला. तिने फाइलच्या माथ्यावर मराठीतच टीप लिहिली, ती तिच्या परवानगीने इथे देतो:

> प्रश्न: पालकांना पान उघडताना एरर येतेय का, आणि ती आपल्या ॲपमधून येतेय की लोड बॅलन्सरकडून?
> भरायचं काय: भारतीय वेळ, पासून आणि पर्यंत. यूटीसीचा हिशेब क्वेरी स्वतः करते.
> हे सांगत नाही: विनंती लोड बॅलन्सरपर्यंत पोचलीच नसेल तर ती इथे दिसणार नाही. डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) आणि ग्राहकाचं नेटवर्क वेगळं तपासा.
> सावध: लॉग पाच-पाच मिनिटांच्या गठ्ठ्यांनी येतात, त्यामुळे शेवटची दहा मिनिटं अपुरी समजा.
> शेवटचं तपासलं: ऑगस्ट, ऑनकॉल बदलताना.

काही राहिलं असेल तर सांगा.

---

सपोर्टवाली

फार छान लिहिलंय तिने, मला एका वाचनात कळलं. एकच राहिलंय. शून्य आलं तर मी काय समजायचं? त्या रात्री घोळ तिथेच झाला ना?

---

ठाणेकर_डीबीए

लाखमोलाचा प्रश्न विचारलात. पहाटपाळी, एररच्या आकड्याशेजारी त्या वेळातल्या एकूण विनंत्यांचा आकडाही द्या. चाळीस हजारांत शून्य एरर ही चांगली बातमी, शून्यात शून्य म्हणजे आपण चुकीच्या जागी बघतोय. आणि ग्रुप बाय करताना काळजी घ्या, डेटा नसला तरी एक ओळ यायलाच हवी.

---

पहाटपाळी

केलं. आता रिकाम्या खिडकीतही एक ओळ येते आणि त्यात एकूण विनंत्या शून्य दिसतात. टिपेतही भर घातली:

> एकूण विनंत्या शून्य आल्या तर: 'एरर नाहीत' असं कुणालाही कळवू नका. आधी वेळ तपासा, मग सिनियरला उठवा. रात्री कितीही वाजले असले तरी.

शेवटचं वाक्य मी घातलंय. तिने ते तसंच ठेवलं.